कोल्ह्यासाठी अर्धा मीटर

ट्रॅम्पोलिन मॉरीनचं होतं.
म्हणजे तिच्या नातवंडांचं, जी आता
लीड्सला नोकऱ्या करतात आणि उड्या मारत नाहीत.
"घेऊन जा," ती कुंपणावरून म्हणाली,
"चौकट गंजलीय, हात सांभाळ."
आम्ही ते गोल लोखंड
वेकफिल्डच्या मागच्या गल्लीतून उभं करून
चाकासारखं घरंगळवत आणलं.
समोरच्या खिडकीत एक म्हातारा टाळ्या वाजवत होता.

वही उघडली. डाव्या पानावर खर्च.
चौकट: शून्य.
पॅलेट्स, फरशीच्या दुकानातून विचारून घेतलेल्या: शून्य.
जाळी: इथे मी चिक्कूपणा केला.
षटकोनी भोकांची, पातळ, हिरवी,
अख्खं भेंडोळं चौदा पौंडांना.
वेष्टनावर कोंबडीचंच चित्र होतं.
चित्रावर विश्वास ठेवायची माझी जुनी खोड.

शनिवारी चार जणी आल्या,
अंड्यांच्या कारखान्यातून निवृत्त केलेल्या,
वय दीड वर्ष, पाठी उघड्या.
त्यांना माती माहीत नव्हती.
एक तर गवतावर पाय टेकवून तशीच उभी राहिली,
दुसरा, उचललेला, कुठे ठेवायचा ते विसरून.
ऊर्वीने नावं ठेवली:
भाकरी, चटणी, मीठ आणि बार्बरा.

बाराव्या दिवशी पहाटे मीठ नव्हती.
जाळीला भोक, उसवलेल्या स्वेटरसारखं,
आणि तीन पिसं, नुकतीच फुटलेली, नवी.

मॉरीन चहाचा कप हातात घेऊन तशीच आली.
भोकात बोट घालून म्हणाली,
"ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पोरी.
कोल्ह्याला बाहेर ठेवणारी वेगळी."
मला राग आला. तिचा नाही, चौदा पौंडांचा.
लहानपणी ऐकलेला कोल्हा केवढा चतुर होता.
ह्याला चतुराईची गरजच पडली नव्हती.

मग वेल्डेड जाळी, बासष्ट पौंड,
भोकं अशी की करंगळीही अडकावी.
प्रफुल्ल काही बोलला नाही,
फक्त वहीतला आकडा त्याने दोनदा वाचला.
खिळ्यांऐवजी स्क्रू आणि वॉशर,
दाराच्या बिजागऱ्या मॉरीनच्या नवऱ्याच्या डब्यातल्या.
तो डबा तिने मला हातात दिला नाही,
स्वतः उघडून धरला.

जाळी जमिनीत पुरणार होतो, पण वीतभर खाली
विटांचे तुकडे, कोळशाची राख,
कुणाच्या तरी बशीचा निळा काठ.
तेव्हा ती बाहेरच्या बाजूला आडवीच पसरली,
झालरीसारखी, अर्धा मीटर,
आणि वर पुन्हा गवताची ढेकळं.
कोल्हा भिंतीला नाक लावून खणतो म्हणे,
दोन पावलं मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही.
हे वाक्य मी नंतर बरेच दिवस घरात वापरलं,
बहुतेक प्रफुल्लसाठी.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,"
आई फोनवर म्हणाली, कशावरून कोण जाणे.
आमच्यात कोंबडा नाहीच, मी म्हटलं,
शेजाऱ्यांची झोप मोडते.
तांबडं इथे आपापलं फुटतं,
डिसेंबरात आठ वाजता, कुणालाही न कळवता.

बेरीज केली तर पहिलं अंडं
शहाऐंशी पौंडांना पडलं.
ऊर्वीने उकडून खाल्लं.
मीठ मागितलं नाही.

मार्चमध्ये एकदा पाचच्या सुमाराला
मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते.
ती आली. मादी असावी, पोट खाली ओढलेलं.
जाळीच्या पायथ्याशी नाक लावलं आणि खणायला लागली,
तीन ठिकाणी, घाई न करता,
आणि तिन्ही ठिकाणी नखांना तार लागली.
मग खाली बसली.
आत बार्बरा झोपेत कुरकुरली.
दोघी-तिघी बायका एकाच अंधारात,
कुणाचंच काही चुकत नव्हतं.
ती उठून रेल्वेच्या बांधाकडे गेली,
तिथे या दिवसांत पिल्लं असतात.

चौदा पौंडांच्या जाळीवर यंदा वाटाणा चढवलाय.

मी चपला घालून बाहेर गेले, कडी बघितली.
लागलेली होती.
उघडून पुन्हा लावली.