तीनच्या खाली

कपाटाची किल्ली माझ्या घरच्याच जुडग्यात असते.
आत एक ट्रे: चंदेरी कागद, लायटर,
गुंडाळलेली दहाची नोट, पुडीत नाचणीचं पीठ.
खरं त्यात काही नाही, असं समितीला लिहून दिलंय.
आम्ही उद्दीपक म्हणतो. ते पन्नी म्हणतात.

हणमंत काळोखे, वय एकतीस, ताडीवाला रोड,
संमतीपत्रावर बोट ठेवून विचारतात,
“त्रास झाल्यास कळवावे. म्हंजे
हितं झाला तर, का घरी गेल्यावर?”
दोन्हीकडे, मी म्हणते.
फॉर्मवर जागा एकाच ओळीची आहे.

ट्रे ठेवला. शून्य ते दहा, किती?
“चार.”
कागदाची घडी उलगडली, तो कुरकुरला.
“सात.”
लायटरचं चाक फिरवलं
तेव्हा ते आकडा बोलले नाहीत,
नुसती थुंकी गिळली.

नियम साधा आहे:
तीनच्या खाली आल्याशिवाय सोडायचं नाही.
चहा द्यायचा. तळपाय फरशीला टेकवा म्हणायचं.
पाऊण वाजता सहा, एकला पाच,
सव्वाला “दोन” म्हणाले,
इतक्या झटकन की मी पेन उचललंच नाही.
“बस चुकंल ना मॅडम.”
चुकू दे.
अजून पाऊण तास बसलो, पंख्याखाली,
त्यांनी बहिणीच्या म्हशीचं आजारपण सांगितलं,
आणि मग दोन. खरे दोन.
निदान मी तसं लिहिलं.

फोन सातला करायचा असतो.
पावणेसातला त्यांचाच आला, पुणे स्टेशनसमोरून.
मागे रिक्षा, मागे गाड्यांची घोषणा.
“भुर्जी बांधून मागितली. पन्नीत दिली हो त्यानं.
म्हटलं कागदात दे, तर म्हणला कागद संपला.”
किती? मी विचारलं.
“आकडा ऱ्हाऊ द्या. तुम्ही फक्त फोन ठिवू नका.”

ठेवला नाही.
बराच वेळ नुसतं स्टेशन ऐकू येत होतं.
मग ते कुणाला तरी म्हणाले, “ही घे तुझी, हातावर दे मला,”
आणि मग चावल्याचा आवाज,
घाईचा, भुकेचा,
मला इतका बरा वाटला.

मी ओट्याशी उभी, फोन खांद्यात दाबलेला,
लेकीच्या उद्याच्या डब्याच्या पोळ्या निवत ठेवलेल्या,
एका हातात चंदेरी रोल, वीतभर ओढलेला.
फाडला असता
तर तिकडे ऐकू गेलं असतं.