वळायला जागा

रात्री साडेदहाला लाइन येते,
म्हणून मी साडेदहाला बसले.

पाचशे जीबी, सगळी C च्या नावावर.
D नाही, E नाही.
दारव्ह्याच्या दुकानदारानं एकच सलग वावर करून दिलेलं,
आणि तीन वर्षं मी त्यात
सातबारे, जातीचे दाखले, पीकविम्याच्या पावत्या,
कोणाकोणाच्या आधारच्या दोन्ही बाजू
जागा दिसेल तिथे टाकत गेलेली.

विंडोज काढून टाकता येत नाही.
अंगठ्याचं यंत्र फक्त त्यालाच ओळखतं,
प्रिंटरही त्याचाच.
पण सकाळी शटर उघडल्यापासून
वीस मिनिटं ते गोल गोल फिरतं
आणि बाहेर ओट्यावर बाया बसून राहतात.
म्हणून शेजारी लिनक्स.

श्रिंक व्हॉल्यूम.
मी म्हटलं, दोनशे दे.
ते म्हणालं, अठ्ठ्याऐंशी.
पुढे सरकता येत नाही,
मध्ये काहीतरी आहे जे हलत नाही.

बाबा खाटेवरून पाहत होते.
देवमन इंगळे, मोजणी खात्यात चेनमन,
एकतीस वर्षं साखळीचं मागचं टोक.
"असतेच," म्हणाले. "मरीमायचा ओटा असते मंधात.
सायब म्हने, सरळ धर.
ओट्यातून सरळ कशी धरू?
वळसा घातला, अन् कागदावर सरळ लिवली."

मी हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल काढली,
मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा विचारलं.
एकशे चाळीस.
घेतले.

मग पेनड्राइव्ह. पडद्यावर रंगीत पट्टी आली,
हे त्याचं, हे याचं,
आणि अगदी डावीकडे नखाएवढी एक चीप.
"हे बारकं कोनाचं?"
दोघांचं, बाबा. मशीन उठलं की आधी तिथे जातं,
मग ठरतं कुठे वळायचं.
"सामाईक इहीर," ते म्हणाले.
जरा वेळानं, कूस बदलून,
"पाळ्या लिवून घे. भांडन तिथंच होते."

त्रेसष्ट टक्क्यांवर लाइन गेली.

यूपीएस ओरडायला लागला.
नवा होता तेव्हा वीस मिनिटं धरायचा,
आता किती, कोणाला माहीत.
वाटणी अर्धी झालेली असताना
कागद कोणाच्याच नावावर नसतो,
हे मला बाबांनी सांगायची गरज नव्हती.
ते उठून आले,
बॅटरीचा उजेड कीबोर्डवर धरला,
आणि दुसरा हात यूपीएसवर ठेवला,
रडक्या वासराच्या पाठीवर ठेवतात तसा.
एकाहत्तर. एकाहत्तर. एकाहत्तर.
ऐंशी.
आम्ही दोघंही बोललो नाही.

काळ्या पडद्यावर दोन नावं आली.
खाली आकडे उतरत होते, दहा, नऊ, आठ,
तोवर सांगायचं कोणाला उठवू.
आधी लिनक्स उठवलं.
त्याला विंडोजचं सगळं दिसतं,
माझे सातबारे, दाखले, फोल्डरचं फोल्डर.
मग विंडोज उठवलं.
त्याला पलीकडचं काही दिसत नाही.
नुसते एकशे चाळीस जीबी. अक्षर नाही, नाव नाही,
उजवं बटन दाबलं तर पुसून टाकू का म्हणतं.

"पेरेल वावराले पडीत म्हनते?"
हो, बाबा.
"मंग त्याच्या हातात कागद देऊ नोको."

पंख्याची पाती अजून गरम हवेत थांबलेली.
बाबा खाटेपर्यंत गेले, परत फिरले.
"अन् धुरा?"
धुरा नसतो यात. एकाचं संपतं तिथेच
दुसऱ्याचं सुरू होतं.
"असं नसते. बैल कुठी वळन?"

मी पुन्हा नकाशा उघडला, त्यांच्या समाधानासाठी.
आणि होती.
दोघांच्या मध्ये, कोणाच्याच नावावर नसलेली,
मी न सोडलेली,
एक एमबी.

पडदा त्यांच्याकडे वळवला.
त्यांनी चष्मा वर सारला, वाकून पाहिलं,
अंगठ्यानं काचेवर मापल्यासारखं केलं.
"इतक्यात नाई वळत," म्हणाले,
आणि बॅटरी विझवून झोपायला गेले.