आउटबॉक्स (१)

लवंदेकाकांनी कॉम्प्युटर आणला चादरीत बांधून,
स्कूटरवर, दोन पायांच्या मधे,
सावर्ड्याहून पूल ओलांडून कुडचड्याला.
पुलावर म्हणे दोनदा थांबले, गाठ बघायला.

कॅबिनेटचं झाकण काढलं
तर पंख्यावर, रॅमवर, तारांच्या वळशांत तांबडी धूळ.
ब्रश मारला. ब्रश तांबडा झाला.
खाण बंद पडून किती वर्षं झाली
हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही.

"मेलां सगळीं येतलीं न्ही?"
मराठी कानाला भलतंच ऐकू येतं.
येतील म्हटलं, एकूण एक.

सहा जीबी, एकच फाइल.
बार्ज कंपनीची सतरा वर्षं
पोस्टकार्डाहून लहान डिस्कवर निघाली.
उरलेला वेळ चार मिनिटं.
उरलेला वेळ दोन तास.
उरलेला वेळ अकरा मिनिटं.
काका म्हणाले, आमचा शेठ अगदी असाच सांगायचा,
पगाराचं विचारलं की.

मग वीज गेली.
यूपीएस कोंबडीच्या पिल्लासारखा ओरडत राहिला
आणि आम्ही दोघं त्या हिरव्या पट्टीकडे बघत,
हातात भजी तशीच धरून,
जणू चावलो तर ती थांबेल.

पासवर्ड त्यांनी माझ्या कानात सांगितला,
दुकानात तिसरं कुणी नसताना.
एका बार्जचं नाव आणि तिचा नंबर.
ती बार्ज भंगारात गेली, हेही त्याच दमात.

नव्या मशीनवर डाव्या बाजूला फोल्डर उगवू लागले:
लोडिंग. रॉयल्टी. डिझेल. चतुर्थीची उचल.
नंतर कोर्ट. नंतर डॉक्टर मडगाव.
काकांनी चष्मा पुसला, मोजले,
हिशेबनिसाच्या सवयीनं खालून वर पुन्हा मोजले.
बरोबर आले.

मी नेटची केबल उचलली होती
तेव्हा दिसलं, तळाला, ठळक अक्षरांत:
आउटबॉक्स (१).

प्रति कायतान फुर्ताद.
विषय: त्या सहीबद्दल.
सोबत सात कागदांचे फोटो, म्हणून तेव्हा अडकली असणार,
त्या काळच्या लाइनीला एवढं ओझं पेलायचं नाही.
आत काय लिहिलंय ते मी उघडलं नाही.
कायतान तांडेल होता, एवढं गावाला ठाऊक आहे,
आणि त्याला कुणी, कशावरून काढलं
तेही गावाला ठाऊक आहे, म्हणजे चुकीचं ठाऊक असेल.

काका, म्हटलं, केबल लावली की ही जाईल.
आपोआप. प्रोग्राम विचारत नाही.
लिहिलेली तारीख तीच राहील.
बारा वर्षांपूर्वीची.

ते खुर्चीत पुढे सरकले.
"हांवें धाडलेली," म्हणाले.
मग, "धाडलेली म्हणूनच इतके दीस..."
आणि बाहेर रेल्वे फाटक पडलं,
मालगाडीचे डबे मोजण्याइतका वेळ गेला.
त्यांनी मोजले की नाही, माहीत नाही. मी मोजले, त्रेपन्न.

काढून टाकू? नाका.
जाऊ दे? त्यावर ते बोलले नाहीत.
केबलच्या टोकाची ती प्लास्टिकची जीभ
मी अंगठ्यानं दाबत होतो, सोडत होतो.
टिक. टिक.

"इंटरनेट चतुर्थीनंतर बघूया," म्हणाले शेवटी,
आणि पैसे दोनदा मोजून दिले.
मी वायफाय बंद केलं. केबलच्या खाचेवर
कागदी चिकटपट्टी लावली,
तिच्यावर काय लिहावं सुचेना, तारीख लिहिली.

जुना फॉरमॅट करून देऊ का, हेही विचारलं,
धंद्याची रीत म्हणून.
संध्याकाळी ते परत आले त्याच्यासाठी,
पुलावरून दुसरी खेप, चादर घडी घालून काखेत.

गिऱ्हाइकाचा बॅकअप मी महिनाभर ठेवतो.
म्हणजे ती चिठ्ठी आता तीन ठिकाणी आहे,
त्यातलं एक माझा ड्रॉवर,
ज्याची किल्ली कधीच नव्हती.