गुरुवार रात्र, सोहार

पहिल्या गुरुवारी अकरा पानं लिहून नेली होती मी.
किल्ल्याचा नकाशा, तीन दरवाजे, तळघरातला सर्प,
सर्पाच्या आजाराचं कारणसुद्धा.
ते किल्ल्याकडे फिरकलेच नाहीत.
सुनीशनं वाटेतल्या एका शेळीला तिचं नाव विचारलं
आणि अडीच तास आम्ही शेळीच्या मागे.

घरी येऊन पानं फाडली नाहीत,
फक्त त्यांच्यावर कांदे चिरले.

आता नेतो एक पेन्सिल, फासे,
आणि जमेल तेवढा दम.
परकारच्या खोलीत, बंद पडलेल्या लाँड्रीच्या वर,
सुफ्रा अंथरलेला, एसी कण्हतोय,
करक चहाचे रिकामे कप डोंगर म्हणून उभे.
कुणी विचारलं, ह्या बाईचं नाव काय,
तर डोळ्यांसमोर असेल ते. लोणच्याची बरणी होती.
मोहराबाई. मोहराबाई कैरीकर, जकातदारीण.
"तिला भीती कशाची वाटते?"
तूच सांग, म्हणतो मी.
फार उशिरा कळलं,
ठाऊक नसणं झाकायचं नसतं,
सगळ्यांना वाढायचं असतं.

फसतंही. मागच्या महिन्यात
एकच राजा दोनदा मेला,
जोमारच्या वहीत तारखेसकट नोंद होती.
जुळे होते, म्हटलं.
कुणाला पटलं नाही, पण घोडे पुढे निघाले.

कालचा पूल तर आयत्या वेळचा.
त्यावर भाला घेतलेला पहारेकरी,
कुणीतरी अडवायला हवं म्हणून उभा केलेला.
परकार दिवसभर बंदरात, क्रेनच्या पिंजऱ्यात.
खेळात चोर.
त्यानं विचारलं, "तुझी पाळी कधी संपते?"
तोंडाला आलं ते बोललो:
"बदली माणूस आला की. सात वर्षं झाली."

फासा जोमारच्या मुठीतच राहिला.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
मग परकार, चोराच्या त्या घोगऱ्या आवाजात,
"भाला दे इकडे. आजची रात मी उभा राहतो.
तू जा."

ह्याला किती आकडा लागतो?
नियमांत नव्हतं. मी टाकायलाही सांगितलं नाही.
तो जातो, म्हटलं.
जाताना चपला पुलावरच विसरतो.

जिना उतरताना सुनीश म्हणाला,
त्याचं घर कुठल्या दिशेला?
माहीत नाही अजून.
गाडीच्या काचेवर बोटभर वाळू.
वायपर फिरवताना आठवलं,
परकार पुलावरच राहिलाय,
आणि त्याला सोडवायला
माझ्याकडे कुणीच नाही.