मगर

बँडचं नाव ठरलं तेव्हा आम्ही पाच जण
विश्वामित्रीच्या पुलावर उभे होतो
आणि खाली गाळात एक खरीखुरी पडलेली होती,
जबडा उघडा,
जणू कुणी तिला सूर लावायला सांगून विसरून गेलंय.
निमेष म्हणाला, हिंदीत याचा अर्थ ‘पण’.
प्रदोष म्हणाला, मग ठरलंच.

मी बँडमध्ये नव्हते.
मी वायरी गुंडाळायचे, कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
आणि केरसीची झांज मांडीवर धरून
स्कूटरवर मागे बसायचे. खड्डा आला की
ती माझ्या पोटात वाजायची.

दांडिया बाजारात छापखान्यामागची खोली,
भाडं ऐंशी रुपये,
आणि दर फेऱ्याला कुरकुरणारा पंखा.
बंद केला तर जीव जायचा,
चालू ठेवला तर कॅसेटमध्ये उतरायचा.
शेवटी केरसीनं त्याच्यावरच लय धरली:
एक, बे, त्रण, चार.
गाणं मराठी, मोजणी गुजराती, शिव्या इंग्रजी.
दोनशे कॅसेटी काढल्या. एकशे चाळीस
उन्मेषच्या माळ्यावर राहिल्या,
उन्मेष गेल्यावरही.

आता तेहतीस वर्षांनी नऊ गाणी.
मुखपृष्ठावर गॉगल घातलेली मगर.
प्रदोष न्यूजर्सीत गायला,
केरसीनं टोरांटोत वाजवलं,
निमेष अलकापुरीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, दार लावून.
एका खोलीत कुणीच कुणाबरोबर घामेजलं नाही.
बास कुणी वाजवलाय ते लिहिलेलं नाही.
प्रत्येक स्वर वेळेवर येतो.
उन्मेष कधीच वेळेवर आला नाही,
गाण्यात नाही, स्वतःच्या लग्नात नाही,
त्या एवढ्याशा उशिरात
आम्ही सगळे मान हलवायचो.

सूरसागरच्या कठड्याशी बसून ऐकलं,
पौषातलं ऊन पाठीवर घेत,
भाच्याचे इयरफोन कानात.
तळ्यातला महादेवसुद्धा आता सोन्यानं मढवलाय.

तेव्हा हे लोक परीक्षेच्या फीवर गायचे,
नळाला न येणाऱ्या पाण्यावर,
रावपुऱ्यातल्या एका शिंप्यावर, ज्यानं
प्रदोषची पँट बिघडवली होती.
आता तिसऱ्या गाण्यात ‘स्वप्न’ अकरा वेळा येतं.
बँकेत होते मी, मोजायची सवय आहे.
पाचव्यात ‘ऊर्जा’.
सहाव्यात लहान मुलं ला-ला करतात, कुणाची कोण जाणे.
प्रदोषचा आवाज जिथे फाटायचा
तिथे आता कुणीतरी बारीक रफू केलंय,
इतकं सफाईदार की बोट फिरवूनही टाका लागत नाही.

वाईट म्हणता येत नाही.
एखादं तरी बेसूर असतं
तर धरून बसायला कोपरा मिळाला असता.

सातवं संपल्यावर मात्र
कापायचे राहून गेलेले चार सेकंद आहेत.
खुर्ची सरकते.
केरसी, म्हातारा झालेला केरसी, लांबून म्हणतो,
जवा दे ने, यार.
आणि श्वास सोडतो.
तेवढं मी किती वेळा मागे नेऊन ऐकलं
ते मोजलं नाही.

मग प्रदोषचा मेसेज:
वृंदे, ऐकलंस? खरं सांग.

छान, लिहिलं. खोडलं.
आवाज अजून तसाच आहे, लिहिलं. खोडलं.
मेहनत दिसते, लिहिलं,
आणि त्यापुढे ‘मगर’,
पुढचं वाक्य जुळत नव्हतं म्हणून मेहनतही खोडली.
उरलेल्या शब्दासाठी फोननं आपणहून
एक छोटी हिरवी मगर पुढे केली,
अंगठा लागला,
गेली.

लगेच तीन लाल बदाम आले,
आणि ‘जियो!’

इथे दुपारचा एक वाजला होता.
तिकडे रात्रीचे अडीच.
जागाच होता म्हणजे.