ल आणायला

बुधवारी सुट्टी. मँकनहोल्सच्या उतारावर
साडेनऊची छोटी बस, आत ड्रायव्हर आणि मी.
कुठे निघालात, म्हणाला.
शहरात. एक बटण आणायचंय.
त्यानं माझ्या कोटाकडे पाहिलं.

त्याला काय सांगू,
की महिन्यापूर्वी व्हॅक्यूमनं माझ्या लॅपटॉपचं एन गिळलं,
आणि माझ्या लेखी ते एन नव्हतंच कधी.
साधं दाबलं की ल,
शिफ्ट धरून दाबलं की ळ.

ल गेला तो भूतकाळ घेऊन गेला.
आले, बसले, रडले, हसले,
एकही उमटेना. काल हा शब्दसुद्धा नाही.
मिरजेला कुमुदला दर रविवारी जाणारं पत्र
असं होऊन बसलं:
इथे थंडी आहे. मी बरी आहे.
पाऊस येतो, जातो. रात्री काम असतं.
परत येते, जेवते, झोपते.
चौथ्या पत्रावर तिचं उत्तर आलं,
अगं, तुझ्याकडे काल काही होतच नाही का?

इंग्रजीत आणखीच मजा.
केअर होमची ओल्डरॉइडबाई ईमेल करायची,
शनिवारी येशील?
नो लिहायला एन लागतो.
येस बिनबोभाट लिहून होतं.
चार शनिवार मी एका अक्षरापायी
परक्या आज्यांच्या वेण्या घातल्या.

फोन नव्हता का, म्हणाल.
होता. पण सबब सापडलेलं माणूस
फोन शोधत बसत नाही.
आणि एक वाक्य होतं, तीन ल असलेलं,
ते लांबत होतं, तेही बरंच होतं.

टॉडमॉर्डनला गाडी. बोगदा. रॉचडेल.
शेजारच्या बाईचं कुत्रं माझ्या पिशवीतली
लसणाची चटणी हुंगत राहिलं मँचेस्टरपर्यंत.
मग ट्रॅम, मग चुकीच्या दिशेची ट्रॅम,
मग जुनी कापडगिरणी, जिचा आता काँप्युटर मॉल झालाय.
तळमजल्यावर मेलेले प्रिंटर,
पहिल्यावर ग्राफिक्स कार्डं उराशी धरलेली पोरं,
ओल्या केसांनी, जणू आत्ताच बाळ हाती दिलंय कुणी.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात डेल्विन.
सत्तरीचा. गिरणीच्या वेळचं रिळांचं कपाट,
प्रत्येक खणात सुटी अक्षरं.
कुठलं हवंय?
एन, म्हणाले. मग का कोण जाणे, म्हणाले,
खरं तर एन नाही.
तिकिटाच्या मागे काढून दाखवला.
त्यानं तिकीट आडवं केलं, उभं केलं.
खुंटीला चष्मा अडकवलाय, म्हणाला.

तांदूळ निवडावेत तसा तो खण निवडत बसला.
काळ्यात नाही, पांढरं आहे. चालेल?
चालेल, म्हणाले, आणि तो शब्द
दोन्ही ल-सकट जिभेवरून उतरताना जाणवला.
बटण खटकन बसलं.
मग त्यानंच बारीक पेनानं कोपऱ्यात
माझा ल काढला, थोडा कललेला,
दुसऱ्याच्या दारात उभ्या माणसासारखा.
एक पौंड. पावती नको, म्हणाले.

परतीच्या गाडीत मांडीवर लॅपटॉप.
आधी ओल्डरॉइडबाईंना, नो.
नुसतं नो. मग जीव राहवेना, सॉरी जोडलं.
मग कुमुदला:
मकरंदला सोडलं. एकटी राहिले.
मोजले. तीन.
चौथं वाक्य सुचेना, तर खाली लिहिलं,
आज कुत्र्याला तुझी चटणी आवडली.

लिटलबरो सुटलं आणि बोगदा लागला.
पाठवलं, तर जाईना.
काचेत माझंच तोंड, मागे काळोख,
समोरचा म्हातारा घोरत होता.
मी बटणावर बोट ठेवून बसले, न दाबता,
पांढरं, जरा उंच, शेजाऱ्यांत न मिसळलेलं.
वॉल्सडेनला उजेड आला.
पत्र गेलं.