रुळाची बाजू

नगरपरिषदेच्या भिंतीवर ट्राम दाखवली,
कुवारबाव ते मांडवी, गवतातून जाणारी.
गवत कुठल्यातरी दुसऱ्याच देशातलं.

मला बोलावलेलं बसच्या बाजूने बोलायला.
तेहतीस वर्षं शहर बस चालवली,
म्हणजे हक्काचा साक्षीदार.
तयारी करूनच गेलो:
साळवी स्टॉपला फणसाची फांदी आडवी पडली
तर बस वळसा घेते, ट्राम काय करणार?
शिमग्यात पालखी रस्त्यावर आली
तर रूळ उचलून बाजूला ठेवणार?
आणि ही खारी हवा,
लोखंड सुकटीसारखं चघळते.
लोक हसले. पिलणकर इंजिनियरही हसला.
म्हणाला, "काका, बस स्वस्त, मान्य.
पण रूळ एकदा टाकला की..."
पुढचं त्याने आकड्यांत सांगितलं.

आकडे मी ऐकले नाहीत.
मला मिरकरवाड्याचा थांबा आठवला.
खांब नाही, पाटी नाही, वडाखाली नुसता धोंडा.
सव्वासहाची फेरी एका मंगळवारी बंद झाली,
डेपोतल्या फळ्यावर खडूची एक ओळ.
जैतूनबी होडेकर टोपली घेऊन
साडेआठपर्यंत धोंड्यावर बसून.
बांगड्यांवरचा बर्फ पाणी होऊन वाहून गेला.
दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली,
"सांगायचंस तरी रे."

खडू पुसायला ओलं बोट पुरतं.
रूळ उखडायला गेलात
तर अख्खी आळी जागी होईल.

"मग नागवेकर, तुमचं मत?" अध्यक्ष.
मी बसचाच माणूस. तसंच लिहून घ्या.
फक्त तो थांबा
लोखंडाचा करा.